व्याहीबुवांचा जळफळाट

३ फेब्रुवारी

चिमणे,

आधी स्वयंपाकघरात जा आणि दार लोटून घे. मग पुढचं वाच. आणि वाचताना हसू नकोस, कारण तू हसलीस की "काय झालं सूनबाई?" अशी तुझ्या सासऱ्यांची हाक येणार आणि त्या आवाजाने शेजारच्यांचीही दारं उघडणार. मुलं त्यांना उगीच 'नगारा' म्हणत नव्हती. फोनच करणार होते, पण तुमचा फोन नेमका त्यांच्या खुर्चीला टेकून. म्हणून हे पत्र.

तर ऐक. शाळेचं पत्र आलंय. लहान मुलामुलींसाठी मधल्या मैदानाच्या कडेला नवं वसतिगृह बांधलंय ना, त्याला माझं नाव देणार आहेत! माझं! मी पत्र वाचलं, मग तुझ्या मावशीकडून वाचून घेतलं, मग तिच्या नवऱ्याकडून, कारण ते बँकेत होते आणि त्यांना शिक्क्यातलं कळतं. शिक्का खरा आहे म्हणाले. म्हटलं, बघा परत, उन्हात धरून बघा. उन्हातही खराच निघाला.

तेव्हापासून माझं घरात काही खरं नाही. सकाळी दूध तापत ठेवलं आणि खिडकीशी उभी राहून भाषणाची तालीम करायला लागले. दूध उतू गेलं. मावशी ओरडत आली, तर मी तिलाच "मागची रांग, आवाज बंद!" म्हणून दटावलं. साठीतली बाई, पण चक्क हाताची घडी घालून उभी राहिली. दुपारी दंतवैद्याकडे जाऊन नव्या कवळीचं माप देऊन आले. जुनीचा भरवसा नाही. निरोपसमारंभात 'शिस्त' म्हणताना ती पहिल्या रांगेत जायला निघाली होती, मी कसंबसं तोंड मिटून घेतलं. लोकांना वाटलं बाईंना गहिवरून आलं.

आता थट्टा बाजूला. चिमणे, माझा पत्ता आयुष्यभर 'द्वारा'ने सुरू झाला. आधी द्वारा वडील, मग द्वारा तुझे बाबा, ते गेल्यावर द्वारा शाळा, आणि आता द्वारा मेहुणे. मेहुणे देवमाणूस आहेत, तक्रार नाही. पण माझं नाव असलेलं दार मी कधी उघडलं नाही. वसतिगृहाच्या ज्या खोलीत तुला वाढवलं, तिच्या दारावरही नुसतं 'मुख्याध्यापिका'. मला हे हवंय गं. या वयात लिहायला लाज वाटते, पण फार हवंय.

तुझ्या सासऱ्यांना मात्र इतक्यात सांगू नकोस. ते मुलांच्या विभागाचे मुख्याध्यापक, मी मुलींच्या. सव्वीस वर्षं एका मैदानाच्या दोन टोकांना बसून आम्ही एकमेकांवर नजर ठेवली. त्यांना वगळून मला मान मिळाला हे कळलं तर जिवाला लावून घेतील. त्यात आता व्याही! तुमच्या लग्नात खुर्ची दुसऱ्या रांगेत लागली म्हणून कसे फुगून बसले होते, आठवतंय ना? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत आहे. या वेळी भिजव.

तुझी
आई


६ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

आपली प्रकृती कशी आहे? विशेषतः रक्तदाब? हे मी सहज विचारत नाही. काही बातम्या माणसाने खुर्चीत नीट बसून, शक्यतो हाताशी पाणी ठेवून ऐकायच्या असतात. बातमी काय, ते मी आज सांगणार नाही. शाळेला उशिरा का होईना, माणसाची पारख होऊ लागली आहे, इतकंच म्हणतो आणि तोंडावर बोट ठेवतो.

फक्त एक विचार मनात आला तो लिहितो. समजा, एखाद्याचं नाव एखाद्या भिंतीवर लागलं, तर त्याने दुसऱ्याचं काम कमी ठरतं का? मुळीच नाही! तुमच्या विभागातल्या चपलांच्या रांगा आजही लोकांच्या स्मरणात आहेत. मी स्वतः चारचौघांत त्या रांगांचा उल्लेख करत असतो.

मी नवा सूट शिवायला टाकला आहे. राखाडी. शिंपी म्हणाला, साहेब, पोट जरा आत घ्या. मी म्हटलं, अरे बाबा, वर्षानुवर्षं शाळेच्या खानावळीत जेवून कमावलंय हे पोट, ते आत घ्यायला मी कोण?

जाता जाता एक शंका. कोनशिलेवरचा किंवा पाटीवरचा पडदा बाजूला करताना दोरी उजव्या हाताने ओढावी की डाव्या? तुम्हाला अशा बारीकसारीक गोष्टी कळतात. सहज विचारलं.

आपला स्नेहांकित
व्याही


१० फेब्रुवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कळलं म्हणायचं तुम्हाला सगळं! कुणी सांगितलं ते विचारत नाही, तुमच्या घरातली ती चिमणी माझ्याच पोटची आहे. पण तुम्ही इतक्या मोठ्या मनाने घ्याल असं खरंच वाटलं नव्हतं. मला वाटायचं, मोठा फक्त आवाज आहे.

एकाचं नाव लागलं म्हणून दुसऱ्याचं काम कमी ठरत नाही, हे वाक्य मी मावशीला, म्हणजे माझ्या बहिणीला, वाचून दाखवलं. तीही म्हणाली, किती समजूतदार माणूस! अगदी खरं आहे, कमी ठरत नाही. मुळीच ठरत नाही. हे तुम्ही रोज सकाळी उठून स्वतःशी म्हणत जा.

सूट शिवताय हे फार बरं केलंत. अशा वेळी माणसाने स्वतःची आबाळ होऊ देऊ नये. माझा रक्तदाब उत्तम. तुमचा सांभाळा.

दोरी उजव्या हाताने ओढावी आणि डाव्या हाताने चष्मा सावरावा, म्हणजे फोटो चांगला येतो. मीही हाच विचार करत होते. बघा, दोन टोकांना बसूनही आपलं डोकं एकाच दिशेने चालतं.

तुमची
विहीण


१३ फेब्रुवारी

कारकूनकाका,

काका, काय करून ठेवलंत हो हे! मी तुमची चिमणी. तुमच्या ऑफिसातल्या शिक्क्याची शाई गालाला लावून घेऊन आईचा मार खाणारी. तीच मी आता एका घरात बसून दोन गुपितं सांभाळतेय आणि माझं पोट फुटायची वेळ आली आहे.

'नव्या वसतिगृहाला आपलं नाव देत आहोत' असं पत्र आईला आलं. तिने मला शपथ घातली, सासऱ्यांना सांगू नकोस. त्याच दिवशी संध्याकाळी सासऱ्यांनी मला बोलावलं, तसंच्या तसं पत्र दाखवलं आणि शपथ घातली, आईला सांगू नकोस, बिचारीला सोसवणार नाही! मी दोन्ही पत्रं ताडून पाहिली. शब्द न् शब्द तोच, फक्त वरचं नाव-पत्ता वेगळा.

आता दोघं एकमेकांचं सांत्वन करताहेत. आईचं पत्र आलं तर सासरे मला म्हणाले, "पाहिलंस सूनबाई, माझ्या नावाची बातमी ऐकून विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई मनाची मोठी हो, मीच इतकी वर्षं ओळखलं नाही!" हे ते कुजबुजत म्हणाले, म्हणून फक्त दोन घरांपलीकडे ऐकू गेलं. माझा नवरा हे सगळं ऐकून हसत सुटतो आणि मग दौऱ्यावर निघून जातो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी एकटी.

काका, वसतिगृह एकच आहे ना? मग नाव नेमकं कुणाचं? खरं सांगा. आईचं असेल तर मला या घरात राहायचंय. सासऱ्यांचं असेल तर आईला काय तोंड दाखवू? तिने नवी कवळी बसवून घेतली आहे हो.

तुमची
चिमणी


१७ फेब्रुवारी

चि. चिमूताईस आशीर्वाद.

आपले दिनांक तेराचे पत्र मिळाले. खुलासा पुढीलप्रमाणे.

आपल्याला आठवत नसेल, आपण तेव्हा दुसरीत होता. एकदा सहलीचे परिपत्रक सरांच्या टेबलावर सकाळी गेले आणि बाईंच्या टेबलावर दुपारी. त्यावरून बाई सरांशी पूर्ण सत्रभर बोलल्या नाहीत आणि सर माझ्याशी. शेवटी दोघांनी मिळून मला लेखी आदेश दिला की, यापुढे कोणताही कागद एकाला गेला तर दुसऱ्यालाही त्याच दिवशी, त्याच मजकुराचा गेलाच पाहिजे, फक्त नाव बदलावे. आदेशावर दोघांच्या सह्या आहेत. तो रद्द झाल्याचे कोणीही मला कळवलेले नाही. दोघे निवृत्त झाले, आदेश निवृत्त झाला नाही.

मागे सरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा 'आपली दृष्टी लवकर परत येवो' असे शाळेचे पत्र बाईंनाही गेले होते. बाईंनी उलट टपाली कळवले की, माझे डोळे ठणठणीत आहेत, तुमचे तपासा. तरीही मी हात आवरू शकलो नाही. सवय आहे.

आता मुद्द्याचे. संस्थेने दोन माजी मुख्याध्यापकांपैकी एकाचे नाव द्यायचे ठरवले आणि कोणाचे ते सध्याच्या साहेबांवर सोपवले. साहेब पूर्वी मुलांच्या विभागात शिकलेले. त्यांनी सरांचे नाव सांगितले. पत्र सरांचे होते. ते टाइप करून होताच माझ्या हातांनी दुसरा कागद घेतला.

मी हे साहेबांना सांगितले. साहेब उठले, बसले, परत उठले. सोमवारी चूकदुरुस्तीचे पत्र काढायला सांगितले आहे. ते नियमाप्रमाणे दोघांना एकाच मजकुराचे जाईल. 'आपले नाव कायम' आणि 'आपले नाव रद्द' या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कशा लिहाव्यात या विवंचनेत मी चार दिवस आहे. जेवण जात नाही.

आपला
कारकूनकाका


२० फेब्रुवारी

कारकूनभाऊंस नमस्कार.

सोमवारचं पत्र काढू नका. काढलं असेल तर टपालपेटीपाशी जाऊन उभे राहा आणि पोस्टमनच्या हातापाया पडून परत घ्या.

सूनबाईने आज मला सगळं सांगितलं. सांगताना ती एकच पातेलं घासत होती, ते संपेचना. मी आधी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. नगारा वाजला. गल्लीतली दोन कुत्री पळाली. माझा मान, माझं नाव, माझा सूट, आणि तुमचे ते हात! तुमच्या हातांना मी काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

मग तिने तिच्या आईचं पत्र आणून वाचायला घेतलं. कवळीपर्यंत मी हसत होतो. पुढे 'मला हे हवंय गं' इथे आली आणि थांबली. पत्र माझ्या हातात देऊन ती पाणी प्यायला उठली. उरलेलं मीच वाचलं.

वाचून मी बाहेर गेलो आणि फाटकापाशी उभा राहिलो. माझ्या फाटकावर माझं नाव आहे, कारकूनभाऊ. पितळी. अक्षरं एवढी थोर की पोस्टमन कोपऱ्यावरूनच सायकल वळवतो. दर रविवारी मी ते चिंचेने घासतो. आणि तिथे उभं राहून मला विहीणबाईंच्या निवृत्तीचा दिवस आठवला. मी मैदानाच्या या टोकाकडून बघत होतो. सुतार त्यांच्या खोलीच्या दारावरची पाटी काढत होता आणि त्या ट्रंक घेऊन बाजूला उभ्या होत्या. पाटी निघाल्यावर त्यांनी ती हातात घेतली, पाहिली आणि त्यालाच परत दिली. त्यावर त्यांचं काहीच नव्हतं, नुसता हुद्दा होता, उद्या येणाऱ्या बाईंना चालण्यासारखा. तेव्हा मी जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. आमचं तेव्हा घंटेच्या वेळेवरून भांडण चालू होतं, म्हणून नाही गेलो.

तर नाव त्यांचं लावा. साहेबांना माझा निरोप सांगा. तो माझा विद्यार्थी आहे, त्याला म्हणावं, सरांनी सांगितलंय, कारण विचारू नकोस, बस खाली.

जळलो नाही असं म्हणणार नाही. सकाळपासून जळतोय. पण त्यातून काहीतरी बरंही वाटतंय, आणि ते काय आहे ते मला या वयात नव्याने कळतंय, तेव्हा त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

एकच ताकीद. मूळ नाव माझं होतं हे त्यांना जन्मात कळता कामा नये. मुली त्यांना 'टाचणी' म्हणत. कळलं तर पुढच्या टपालाने वसतिगृहाचं ते नाव माझ्या अंगावर फेकतील.

आपला
माजी मुख्याध्यापक, मुलांचा विभाग


२५ फेब्रुवारी

मा. सर,

आपल्या पत्रानुसार कार्यवाही झाली. साहेब कारण न विचारता खाली बसले. उलट त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव दिसला. त्यांच्या पत्नी मुलींच्या विभागात शिकलेल्या असून आपले नाव ठरल्यापासून त्या साहेबांशी फक्त मुलांमार्फत बोलत होत्या.

पाटी रंगवायला दिली आहे. समारंभ वीस मार्चला.

आपल्या हुकमाबाबत एक अडचण होती. हे पत्र आपल्याला जात आहे, म्हणजे आदेशाप्रमाणे ते बाईंनाही गेले पाहिजे. मी दुसरा कागद मशीनला लावला होता. मग काढून घेतला. त्याच्या मागे मी आज बाजारातून आणायच्या वस्तू लिहिल्या आहेत.

आपला आज्ञाधारक, या खेपेला अर्धाच,
कारकून


२८ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार. 'सप्रेम' हा शब्द या वेळी मुद्दाम गाळला आहे.

आत्ता मला कळलं! वसतिगृहाला नाव तुमचं! आणि मी इथे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलो होतो! शाळा एका माजी मुख्याध्यापकाचं नाव देणार एवढं माझ्या कानावर आलं होतं. मी म्हटलं, दुसरं कोण असणार? त्या भरात तुम्हाला मोठ्या मनाचं पत्र लिहिलं. ते मन मी माझं नाव लागणार म्हणून मोठं केलं होतं. आता ते पूर्ववत झालं आहे याची नोंद घ्यावी.

सूट शिवून आला. बटणं लागत नाहीत. शिंपी म्हणतो, दुःखाने अंग फुगतं का साहेब?

मला फक्त एवढंच विचारायचं आहे, तुमच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही? शिस्त? माझी मुलं घंटेआधी उठत. वक्तृत्व? माझं भाषण लाउडस्पीकर बंद पडला तरी चालू राहत असे. मग काय, चपलांच्या रांगा? शाळेने चपलांवर निकाल लावला म्हणायचा!

समारंभाला मी येईन, कारण सूनबाई नेणार आहे आणि या घरात तिच्यापुढे माझं चालत नाही. टाळ्या वाजवीन अशी हमी देत नाही.

दुखावलेला
व्याही


२२ मार्च

व्याहीबुवा,

झाला समारंभ! तुम्ही होतातच, पण तुम्ही दुसऱ्या रांगेतून पाहिलात, मी पहिलीतून पाहिला, तेव्हा माझ्या बाजूने सांगितलाच पाहिजे. तुम्हाला ऐकावं लागेल. जिंकलेल्याचं हरलेल्याने ऐकायचं असतं.

दोरी मी उजव्या हाताने ओढली, डाव्या हाताने चष्मा सावरला, सगळं ठरल्याप्रमाणे. दोरी हलेना. मग मी जरा माझ्या पद्धतीने ओढली आणि पडदा, दांडी, खिळे, सगळं साहेबांच्या डोक्यावर! साहेब पडद्याखालून "अभिनंदन, अभिनंदन" म्हणत राहिले. त्यांची बायको एवढी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. साहेब बाहेर आले तर तीच त्यांचे केस नीट करत होती.

मी पाटीकडे पाहिलं आणि मला भाषण आठवेना. माझं नाव, व्याहीबुवा. पुढे श्रीमती नाही, मागे हुद्दा नाही. पुढच्या रांगेतल्या एका दात पडलेल्या मुलीने ते एकेक अक्षर लावत मोठ्यांदा वाचलं आणि शेजारणीला विचारलं, "या कोण?" शेजारीण म्हणाली, "घरमालकीण असतील." मी जे पाठ केलं होतं ते सगळं तिथेच राहिलं. मी म्हटलं, मुलांनो, आत चला, मला दाखवा. एवढंच माझं भाषण. कवळी मात्र जागची हलली नाही.

आत गेलो तर ओळीने खाटा, पांढऱ्या चादरी, रंगाचा वास. ती दात पडलेली मागे मागे होतीच. म्हणाली, "घर तुमचं ना? मग तुमची खाट कुठली?" मी म्हटलं, माझी नाही गं इथे. तर तिने पोरींची सभाच भरवली. कुजबूज, ढकलाढकली, आणि खिडकीजवळच्या खाटेवरची उशी उचलून ती दुसरीकडे टाकली. "ही तुमची. आम्ही दोघी एकीवर झोपू." मी बसले त्या खाटेवर. करकरली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, कारण पोरी माझ्या, घर माझं, कुणाची चोरी आहे?

आता तुमच्याविषयी. मी तुमच्यावर डोळा ठेवून होते. टाळ्या वाजवणार नाही म्हणाला होतात आणि सगळ्यांचे हात थांबल्यावरही तुमच्याच टाळ्या चालू होत्या. चिमणीने कोपर मारलं तेव्हा थांबलात. पोटातलं दुखणं लपवायला माणसाला किती जोर लावावा लागतो ते मला परवा कळलं. आणि सूटची बटणं उघडी होती.

असं मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासाठी मी साहेबांना शब्द टाकला आहे. सायकलस्टँडला अजून नाव नाही.

खरं सांगू का? एवढी वर्षं तुमच्याशी भांडण्यात माझी एक बाजू नेहमी लंगडी असायची. तुमच्याकडे घर होतं, फाटक होतं, आवाज होता. परवा पहिल्यांदा तुमच्यापुढे दोन्ही पायांवर उभी राहिले. त्याची मजा मला पुरती घेऊ द्या. म्हणून हा माझा हट्ट समजा. तुम्ही किती जळताय ते मला सविस्तर लिहून पाठवा. हात आखडू नका.

तुमची जिंकलेली
विहीण


२६ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

सविस्तर मागितलंत, घ्या सविस्तर.

समारंभाच्या रात्रीपासून माझ्या पोटात आग आहे. डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, पित्त नाही. मी म्हटलं, मला ठाऊक आहे काय आहे ते, विहीण आहे. झोप नाही. डोळा लागला की ती पाटी दिसते, आणि दर वेळी अक्षरं आदल्या वेळेपेक्षा मोठी. सूट शिंप्याला परत करायला गेलो तर त्याने विचारलं, काय साहेब, झाला का तुमचा सत्कार? मी त्याच्या दुकानातून न बोलता बाहेर पडलो. मी, न बोलता! शिंप्याने घाबरून सूनबाईला निरोप पाठवला.

या घरात आता कोणीही वसतिगृह, खाट, पडदा किंवा चपला हे शब्द उच्चारायचे नाहीत असा माझा हुकूम आहे. तुमच्याकडे आता घर आहे, खाट आहे, आणि माझ्याकडे सायकलस्टँड! एवढा मोठा पराभव मला सव्वीस वर्षांत कुणी दिला नव्हता. पुरेसं झालं का? कमी वाटत असेल तर कळवा, अजून लिहितो. जळण्यासारखं पुष्कळ आहे.

तुमचा हरलेला
व्याही

ता. क. आई, मी चिमणी. सासऱ्यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, अवस्था बघवत नाही. तुझं समारंभाचं पत्र ते खिशातच ठेवतात आणि आल्यागेल्याला मोठ्याने वाचून दाखवतात. पोरी उशी उचलतात तिथवर आले की त्यांचा आवाज बसतो आणि पुढचं मला वाचावं लागतं. जळफळाटच तो, दुसरं काय असणार?